लाखभर सह्या : कुणाच्या, कुठल्या आणि कोणत्या कागदावर?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

ठरावीक संख्येने मतदारांनी सह्या केल्या तर घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट लोकांच्या मतदानाला टाकावा, अशी मागणी व्याख्यानमालांतून, वाचकांच्या पत्रांतून आणि हल्ली व्हॉट्सअॅपच्या गटांतून अधूनमधून डोके वर काढते. मागणीबरोबर आकडाही येतो. कोणी एक लाख म्हणतो, कोणी एक कोटी. ठाणे स्टेशनबाहेर टेबल टाकले की संध्याकाळपर्यंत वहीची पाने भरतात, मग लाखाचे काय एवढे, असाही सूर असतो. जिथे ही पद्धत खरोखर चालते तिथले नियम आणि निकाल पाहिले तर चित्र वेगळे दिसते. तिथे आकडा गाठूनही प्रस्ताव पडले आहेत. ते पडले कागदाच्या नमुन्यावर, मतदारसंघांच्या हिशेबावर किंवा एखाद्या राहून गेलेल्या प्रमाणपत्रावर. आकड्यावर वाद घालणाऱ्यांनी आधी हे बारकावे पाहावेत, म्हणून हे पत्र.

आपल्याकडची स्थिती थोडक्यात सांगून पुढे जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६८ नुसार घटनादुरुस्तीची सुरुवात फक्त संसदेच्या एखाद्या सभागृहात विधेयक मांडूनच होते. एक कोटी सह्या नेल्या तरी कायद्याने त्यातून दुरुस्ती सुरू होत नाही. विधानसभेलाही तो अधिकार नाही. काही विशिष्ट तरतुदींच्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांची मान्यता लागते, तेवढाच राज्यांचा वाटा.

आता आकडा. तो कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवावे लागते. सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा मागायला एकपंचमांश सभासदांच्या सह्या लागतात. तिथेही पहिला वाद सभासद कोण, यावरच होतो आणि भाडेकरूची सही धरली जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये सरळ एक लाख मतदारांच्या सह्या लागतात. १८९१ मध्ये ही पद्धत आली तेव्हा पन्नास हजार लागत. स्त्रियांना १९७१ मध्ये मताधिकार मिळाला, मतदार जवळपास दुप्पट झाले, आणि मग १९७७ मध्ये आकडाही दुप्पट केला गेला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ८ टक्के सह्या लागतात. २०२२ च्या निवडणुकीनंतर हा आकडा ८,७४,६४१ झाला. फ्लोरिडा या दुसऱ्या अमेरिकी राज्यातही ८ टक्केच, पण ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील मतांचे. नेब्रास्का मात्र नोंदलेल्या मतदारांच्या १० टक्के मागते, आणि मतदारसंख्या धरायची ती सह्या सादर करण्याच्या शेवटच्या मुदतीची. मोहीम चालू असताना नवे मतदार नोंदले जातात आणि लक्ष्य पुढे सरकते. नेमक्या किती सह्या लागतील हे गोळा करणाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

हेच महाराष्ट्राला लावून पाहावे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. नेब्रास्काचा नियम लावला तर ९७ लाख सह्या हव्यात, कॅलिफोर्नियाचा लावला तर साधारण ५१ लाख. दोन्ही नियम ऐकायला सारखेच वाटतात.

मुदत आली की हे आकडे माणसांच्या हिशेबात बदलतात. कॅलिफोर्निया १८० दिवस देते, ओक्लाहोमा फक्त ९०, स्वित्झर्लंड १८ महिने. आपण ५१ लाख आणि १८० दिवस धरू. चारातली एक सही बाद होईल असे गृहीत धरले तर ६८ लाख सह्या घ्याव्या लागतात. एक माणूस तासाला दहा सह्या घेतो आणि रोज चार तास उभा राहतो, असे मानले तरी साडेनऊशे माणसे सहा महिने एकही सुट्टी न घेता लागतात. पावसाळ्यात स्कायवॉकवर हे जमते का, ज्याने त्याने ठरवावे.

चारातली एक बाद होणार म्हटल्यावर पुष्कळ जण २५ टक्के जास्त सह्या गोळा करायला सांगतात. हा हिशेब चुकीचा आहे. १०० ऐवजी १२५ घेतल्या आणि त्यातल्या चतुर्थांश बाद झाल्या की हाती ९४ राहतात. हव्या असलेल्या संख्येला वैध सह्यांच्या प्रमाणाने भागायचे असते : १०० भागिले ०.७५ म्हणजे १३३. वैध प्रमाण ६५ टक्क्यांवर आले तर १५४. म्हणून पहिल्या आठवड्यातच दोनतीनशे सह्या मतदार यादीशी ताडून आपले प्रमाण काढावे लागते. शेवटच्या आठवड्यात ते कळून उपयोग नसतो.

लाखो सह्या एकेक करून तपासणे कोणत्याही कार्यालयाला परवडत नाही. म्हणून नमुना तपासणी आली, आणि सगळ्यात कमी समजलेला भाग हाच आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आपल्याकडे आलेल्या सह्यांपैकी ३ टक्के किंवा ५००, यांपैकी जास्त असेल तेवढ्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तपासते. त्यावरून राज्यभरच्या वैध सह्यांचा अंदाज निघतो. तो गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर प्रस्ताव पात्र, ९५ टक्क्यांखाली गेला तर बाद. मधे राहिला तर एकूण एक सही तपासायची. त्यात आठवडे जातात आणि ती निवडणूक हातची निसटू शकते, म्हणून जाणते लोक ११० च्या वर जाण्यासाठीच सह्या घेतात.

या पद्धतीत दुबार सही फार महाग पडते. समजा एका काउंटीत एक लाख सह्या आल्या. त्यातल्या ३,००० तपासल्या, म्हणजे तपासलेली एक सही ३३ सह्यांच्या वतीने बोलते. एखादे नाव यादीत सापडले नाही तर ३३ गेल्या. पण एकाच मतदाराच्या दोन्ही सह्या नमुन्यात सापडल्या तर हिशेब निराळा होतो. पहिली सही नमुन्यात येण्याची शक्यता शंभरात तीन, दुसरीचीही तेवढीच. दोन्ही एकत्र येण्याची शक्यता दहा हजारांत नऊ. म्हणजे अशी एक जोडी सापडली तर गठ्ठ्यात तशा सुमारे अकराशे जोड्या असणार, असे गणित सांगते, आणि तेवढ्या सह्या वजा होतात. दहा जोड्या सापडल्या तर लाखातून अकरा हजार गेल्या. तलावपाळीला शनिवारी सही केलेला माणूस रविवारी गावदेवीच्या टेबलावर हौसेने पुन्हा सही करतो आणि कार्यकर्तेही ‘घ्या हो, एक वाढली’ म्हणून घेतात. ती एक वाढलेली नसते. ‘या विषयावर आधी सही केली आहे का?’ हा प्रश्न टेबलावर पहिला विचारला पाहिजे, नाव विचारण्याच्याही आधी.

कागदाबद्दलचे नियम कोणाला किरकोळ वाटत असतील तर फिलिपिन्सचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या १९८७ च्या घटनेत एकूण मतदारांच्या १२ टक्के आणि प्रत्येक लोकप्रतिनिधी मतदारसंघातल्या किमान ३ टक्के सह्या लागतात. २००६ मध्ये ६३ लाख सह्यांचा दावा करणारा प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ८ विरुद्ध ७ मतांनी फेटाळला गेला. निकालातले एक मुख्य कारण असे की, सही करणाऱ्यासमोर दुरुस्तीचा पूर्ण मजकूरच नव्हता. सह्यांच्या कागदावर बदल व्हावा का, एवढा प्रश्न होता. मजकूर न वाचता केलेली सही त्या मजकुरावरची सही नव्हे, असे न्यायालयाने मानले. आपल्याकडची बहुतेक सह्यांची मोहीम याच जातीची असते. वर फलक, खाली कोऱ्या ओळी, आणि निवेदनाचा मसुदा नंतर कोणीतरी लिहिणार.

दुसऱ्या टोकाला मिशिगन आहे. तिथे २०२२ मध्ये एका प्रस्तावासाठी ४,२५,०५९ सह्या हव्या होत्या, सादर झाल्या साडेसात लाखांच्या आसपास. छापील मजकुरात काही शब्दांमधली मोकळी जागा दिसेनाशी झाली होती, शब्द एकमेकांना चिकटले होते. तेवढ्यावरून तपासणी मंडळाची मते दोन विरुद्ध दोन अशी फुटली आणि प्रस्ताव अडला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतपत्रिकेवर घालायला सांगितले आणि नोव्हेंबरमध्ये तो मंजूरही झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये तर सह्यांचा कागद सरकारी नमुन्याची हुबेहूब प्रत लागते. कोणी सही कुठे करायची ते कळावे म्हणून हायलायटर मारला, कोपऱ्यात फोन नंबर टिपला, तर अख्खा कागद त्यावरच्या सगळ्या सह्यांसकट बाद होऊ शकतो. आम्हाला हा नियम जाचक वाटतो. मजकूर न बदलणाऱ्या खुणेसाठी सही करणाऱ्याला शिक्षा कशाला? पण फिलिपिन्सचा निकाल योग्य वाटतो.

सह्या कुठून आल्या, हा पुढचा प्रश्न. सगळ्या सह्या एकाच शहरातून आणता येऊ नयेत म्हणून अनेक ठिकाणी भौगोलिक अट असते. ओहायोत ८८ पैकी निदान ४४ काउंट्यांमधून ठरावीक प्रमाण लागते. ही अट सगळ्या ८८ काउंट्यांना लावण्याचा आणि कमी पडलेल्या सह्या भरून काढायला मिळणारे १० दिवस काढून घेण्याचा घाट ऑगस्ट २०२३ मध्ये घातला गेला. त्याच प्रस्तावात दुरुस्ती मंजूर व्हायला ६० टक्के मते लागावीत, असेही होते. मतदारांनी तो फेटाळला. कोलोरॅडोने मात्र २०१६ पासून राज्य सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) सर्व ३५ मतदारसंघांत प्रत्येकी २ टक्के नोंदणीकृत मतदारांच्या सह्या मागायला सुरुवात केली. महाराष्ट्रात असा नियम आला तर २८८ पैकी एका मतदारसंघात पन्नास सह्या कमी पडल्या की बाकीच्या २८७ मधले काम पाण्यात. एवढा नकाराधिकार कोणत्याही एका मतदारसंघाला देऊ नये. निम्म्या मतदारसंघांची अट पुरेशी आहे.

ही अट कायद्यात लिहिताना काय होऊ शकते ते मिसिसिपीत दिसले. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कोणत्याही एका मतदारसंघातून एकपंचमांशाहून जास्त सह्या धरायच्या नाहीत, असे तिथल्या घटनेत १९९२ मध्ये लिहिले गेले. तेव्हा मतदारसंघ पाच होते, पाच पंचमांश म्हणजे पूर्ण. २००० च्या जनगणनेनंतर एक मतदारसंघ कमी झाला. चार मतदारसंघांतून जास्तीत जास्त चार पंचमांश, म्हणजे १०० टक्के कधीच भरणार नाहीत. तरी पुढची वीस वर्षे काम जुन्या पाच मतदारसंघांवर चालत राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये वैद्यकीय गांजाचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर झाला आणि मे २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच गणितावर तो रद्द केला. त्याबरोबर नागरिकांचा दुरुस्तीचा मार्गच बंद पडला. आपल्याकडे हे अशक्य वाटत असेल तर आठवावे की २००८ च्या पुनर्रचनेआधी ऐरोली, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, मुंब्रा-कळवा हे मतदारसंघ नव्हतेच. आज ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत, पुढच्या पुनर्रचनेनंतर तेवढेच राहतील याची खात्री नाही. कायद्यात ‘१८ पैकी ९’ असे कधीच लिहू नये, ‘निम्मे’ असेच लिहावे.

भौगोलिक अटीचा टेबलावर होणारा परिणाम वेगळाच असतो. ओहायोत एका कागदावर एकाच काउंटीच्या सह्या चालतात, स्वित्झर्लंडमध्ये एका कागदावर एकाच नगरपालिकेच्या, कारण तो कागद तपासायला त्याच कार्यालयाकडे जातो. ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी उभे राहिले तर पाच मिनिटांत कळवा, दिवा, ऐरोली, डोंबिवली, बदलापूर अशी सगळी माणसे येतात. म्हणजे एका कागदावर भागत नाही. मतदारसंघवार वेगळे कागद, वेगळ्या रंगाच्या फायली, आणि कागदाच्या माथ्यावर मतदारसंघाचे नाव आधीच छापलेले हवे. घाईत ऐरोलीच्या कागदावर बेलापूरची सही झाली की ती गेलीच.

त्यातही ‘कुठे राहता?’ विचारून उपयोग नाही. घोडबंदर रोडला दहा वर्षे राहणाऱ्याचे नाव अजून परळच्या किंवा साताऱ्याच्या यादीत असते, आणि सही धरली जाते ती यादीतल्या ठिकाणी. विचारायचे ते ‘मतदान कुठे करता?’ असे. मतदार ओळखपत्राचा फोटो बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असतो. त्यावरचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर टाकला की मतदारसंघ, यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तिथल्या तिथे मिळतात. ते तीन रकाने भरलेली सही तपासणाऱ्याला अर्ध्या मिनिटात सापडते. नुसते ‘एस. पी. पाटील, ठाणे’ कोणाच्या बापाला सापडणार नाही. लग्नानंतर बदललेले पण यादीत न बदललेले नाव हे नाव न जुळण्याचे आणखी एक कारण. नाव यादीत आहे तसेच लिहून घ्यावे, सही मग कशीही असो. आधार क्रमांक मात्र मागू नये. त्याची गरज नाही, आणि शेकडो लोकांचे आधार क्रमांक लिहिलेला कागद टेबलावर उघडा पडणे धोक्याचे आहे.

सही खरी की खोटी, हे ठरवण्यातली अडचण आपल्याकडे जास्त आहे. अमेरिकी राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जावरची सही कार्यालयाकडे असते, तिच्याशी ताडून पाहता येते. आपल्या मतदार यादीत सही नसते. स्वित्झर्लंडची नगरपालिका मुख्यतः हा मतदार आपल्या यादीत आहे का, हेच पाहते. आपल्याला जमण्यासारखी पद्धत तीच. पण तिची कमकुवत बाजूही २०२४ मध्ये तिथेच उघडी पडली. दर सहीमागे पैसे घेऊन काम करणाऱ्या काही धंदेवाईक मंडळींनी खऱ्या मतदारांची नावे घेऊन खोट्या सह्या भरल्याचे आरोप झाले आणि फौजदारी चौकशा सुरू झाल्या. नाव खरे असले की यादीशी ताडून अशी सही पकडता येत नाही. अमेरिकेत पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल आहे; ओरेगॉनने २००२ मध्ये दर सहीमागे मोबदला देणे तेवढे बंद केले. हा मधला मार्ग आम्हाला पटतो. रोजंदारी द्या, नगावर देऊ नका.

पगारी माणसे घेतली की कागदपत्रेही वाढतात. अर्कान्सासमध्ये २०२४ साली एका प्रस्तावाला ९०,७०४ सह्या हव्या होत्या. सादर झालेल्यांपैकी १४,१४३ पगारी माणसांनी आणलेल्या. या माणसांना नियम समजावून दिले व सरकारी पुस्तिका दिली, असे प्रमाणपत्र सह्यांबरोबर नीट जोडले नाही म्हणून त्या मोजल्याच नाहीत. स्वयंसेवकांच्या ८७,३८२ उरल्या. ३,३२२ कमी पडल्या आणि न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. सह्या खोट्या होत्या असे कोणी म्हटलेही नव्हते.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. आज ज्यांना घटनेतल्या एखाद्या बदलाची मागणी सह्यांनिशी संसदेपर्यंत न्यायची आहे, त्यांच्यासाठी लोकसभेचा विनंती अर्जाचा मार्ग उघडा आहे. त्यालाही कागदाचे नियम आहेत आणि ते न पाळल्यामुळे गठ्ठे वाया जातात. अर्ज सभागृहाला उद्देशून, सभ्य भाषेत आणि नेमक्या मागणीने संपणारा हवा. सही करणाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता हवा, लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. सह्या एकाहून अधिक कागदांवर असतील तर प्रत्येक कागदाच्या माथ्यावर मागणी पुन्हा छापावी लागते. कोऱ्या वहीतल्या सह्या मागाहून टाचून चालत नाही. पत्रे, कात्रणे, प्रतिज्ञापत्रे जोडायची नाहीत. न्यायालयात चालू असलेल्या विषयावर अर्ज घेतला जात नाही. अर्ज खासदारामार्फत सादर करायचा तर त्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, तेव्हा खासदाराला मसुदा सह्या सुरू होण्याआधीच दाखवावा. नंतर त्याने एक शब्द बदलायला सांगितला तर सगळ्या सह्या नव्याने घ्याव्या लागतील. अर्ज मराठीत करता येतो, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद हवा आणि त्यावरही अर्जदारांची सही लागते. म्हणजे अनुवादही टेबल टाकण्याआधीच तयार पाहिजे.

कळावे,

आपले,
नौपाडा (ठाणे) आणि ऐरोली येथील काही वाचक